आरोळी देणारा

आमच्या मलकापूरच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाजारच्या दिवशी दारात चपला साचतात, तसे आपोआप साचतात. मी काउंटरवर बसतो, संधिवाताच्या डॉक्टर मॅडम आत बसतात आणि मधला पडदा पातळ आहे!

मोताळ्याकडच्या वत्सलाबाई मेथी पिकवतात. बोटं अशी सुजली की सकाळी मूठ मिटेना. जुड्या बांधणं बंद झालं. वेणीसुद्धा नवरा घालायचा, तीही वाकडी. बाईंचं एकच म्हणणं, अंगात ताकद नाही, सलाईन लावा. मॅडम म्हणाल्या, ताकद भरपूर आहे, पण उलटी फिरली आहे.

*

मग मॅडमनी बाईंच्या नवऱ्याला, रामभाऊंना, विचारलं की रात्री शेतात जागलीवर असताना रानडुक्कर आलं तर एकटेच मारता का? रामभाऊ म्हणाले, आपण फक्त आरोळी द्यायची, काठ्या घेऊन बाकीचे येतात.

मॅडम मेहकरच्या, पेशंटशी वऱ्हाडीतच बोलतात. "रक्तातली हेल्पर टी सेल तशीच. सोता मारत नाही, आरोळी देते. आता ते तुमच्या बाईच्या सांध्यायलेच डुक्कर समजून राह्यली."

रामभाऊ म्हणाले, "म्हंजे घरधन्यालेच काठ्या."

मॅडमइतकं सोपं करून सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

*

गोळ्यांनी सूज उतरू लागली, तोच कुणीतरी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा सुचवला. बाई भक्तिभावाने प्यायल्या. सूज परत आली, लिव्हरचा रिपोर्टही बिघडला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आरोळी देनाऱ्याले तुम्ही भोंगा आनून देला, बाई."

रामभाऊंनी त्याच संध्याकाळी कडुनिंबावरचा अख्खा वेल उपटून टाकला. वेलाचा काय दोष, हे सांगायला मॅडमनी मला फोन करायला लावला.

*

बाई चिडल्या. असा आरोळीवाला पाहिजेच कशाला, मारूनच टाका म्हणाल्या. मॅडमनी समजावलं, मग खरं डुक्कर आल्यावर हाक कोण देईल? गोळी त्याला फक्त शांत करते, म्हणून ताप आला की लगेच निघून यायचं.

पुतणीच्या हळदीच्या दिवशी बाईंना ताप भरला. घरचे म्हणत होते, कार्य आटपू दे, मग जा. बाई पिवळ्या हातांनी मोटरसायकलवर बसून थेट दवाखान्यात!

"खरं डुक्कर आलं, मॅडम, अन् आरोळीवाला पेंगून राह्यला."

न्यूमोनियाची सुरुवात होती, वेळेत सापडली. त्या दिवशी मला दोघींचाही फार अभिमान वाटला.

*

परवा बाई पिशवीभर मेथी घेऊन आल्या. मॅडम भाजीकडे बघतच नव्हत्या, जुड्यांच्या गाठींकडे बघत होत्या. घट्ट, एकसारख्या गाठी.

"कोनं बांधल्या?"

"म्याच."

मॅडमचे डोळे भरून आले. मग त्यांची नजर बाईंच्या वेणीवर गेली. ती वाकडीच होती.

"मंग वेनी?"

बाहेर रामभाऊ मोटरसायकल पुसत होते. वत्सलाबाईंनी पदर पुढे ओढला.

"वेनीपुरते हात अजून दुखतात, मॅडम."