टँकरच्या रांगेतली जागा

अन्याय माझ्यावर झाला. मी दहावीत असताना, रोज शाळा भरायच्या वेळेला. आमच्या मनवेलपाड्यात पाण्याचा टँकर नेमका तेव्हाच यायचा. नुसता हंडा ठेवून गेलं तर लोक तो रांगेबाहेर काढायचे, म्हणून कुणीतरी उभं राहायलाच हवं.

"आजच्या दिवस तू थांब गं, उद्या दादा थांबेल," आई रोज म्हणायची.

"मी कशाला? पाणीखात्याच्या मॅडम आहेत की घरात!" दादा माझ्याकडे बोट दाखवून हसायचा.

मैत्रिणी समोरून शाळेत जायच्या. आधी हाक मारायच्या, पुढे तीही बंद झाली. एवढ्या माणसांच्या रांगेत मी एकटीच. दादा कॉलेजात गेला. मी दहावी नापास झाले ती कायमची.

तुमच्याही दारातल्या रांगेत मुलगीच उभी असेल. आज तिथे तुम्ही उभे राहा. तिला शाळेत पाठवा.