परत करायची कुपी

दोन महिन्यांपूर्वी सकाळी शेजारच्या सुहासने दार वाजवलं. "ताई, बाबा गेले. झोपेतच..." दार उघडताना बिजागरी करकरली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता हिला तेल कोण घालणार? लगेच लाज वाटली. पण सुहासच्या बाबांना, म्हणजे आमच्या दत्तूकाकांना हे कळलं असतं, तर रडणाऱ्या दहा माणसांपेक्षा त्यांना माझंच कौतुक वाटलं असतं.

आमच्या काळाचौकीच्या चाळीत काका मिलमधले तेलवाले म्हणून ओळखले जात. साच्यांना, म्हणजे कापडाच्या मागांना, तेल द्यायचं हे त्यांचं काम. त्यासाठी हातात एक कुपी असायची. लांब चोचीची, मुठीत मावणारी, बूड दाबलं की टक्‌ करून एक थेंब टाकणारी. ब्याऐंशीच्या संपाच्या आदल्या दिवशी पाळी सुटली तेव्हा ती चुकून खिशातच राहिली. "आठ दिसांत संप मिटात, तेव्हा ठेवतंय जाग्यावर," असं ते काकींना म्हणाले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. घरातलं एकेक भांडं गेलं, काकींच्या पाटल्या गेल्या, पण कुपीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ती मिलची वस्तू. तुळशीची माळ घातलेल्या माणसाच्या घरात दुसऱ्याची वस्तू पडून आहे, ही गोष्ट त्यांना नोकरी गेल्याइतकीच बोचायची. बरं, संप चालू असताना परत द्यायला जावं, तर गेटपाशी दिसलेला माणूस फुटला म्हणून बोंब झाली असती.

संप विरला. कामावर परत घेतलेल्यांच्या यादीत काकांचं नाव नव्हतं. तरी ते धुतलेला सदरा घालून कुपी द्यायला गेटवर गेले. वॉचमनने वही उघडली आणि लिहिलं, 'दत्ताराम, तेलवाला. एक बाटली.' काकांनी कुपी हिसकावून घेतली आणि तडक माझ्याकडे आले. मी तेव्हा मराठी घेऊन बी.ए. करत होते, म्हणजे चाळीच्या दृष्टीने शब्दांची डॉक्टर.

"बाटली लिवल्यान गो माझ्या नावावर! लोक काय म्हणतले? दत्ताराम गेटार बाटलीसकट गावलो!"

वॉचमनचं म्हणणं, कुपी म्हणजे काय ते लिहून आण. मी दादरच्या वाचनालयात जाऊन जाडजूड कोश उघडले. परत येऊन काकांना सांगितलं, की हा शब्द मूळ संस्कृत 'कूप'वरून, म्हणजे विहिरीवरून आला. कूपी म्हणजे लहानसा कूप. पुढे अत्तर ठेवायची ती कुपी, औषधाची कुपी, तेलाची कुपी. काकांनी हातातली कुपी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे इतकी वर्सां माझ्या हातात बाव होती..." कोकणातल्या विहिरीला ते बाव म्हणत. मग एकदम सावध होऊन म्हणाले, "अत्तराचा लिवू नको हां. वॉचमन वायच चावट आसा."

मी सगळे अर्थ देऊन, अत्तर वगळून, पानभर अर्ज लिहिला. आयुष्यातलं माझं पहिलं संशोधन. अर्ज घेऊन काका गेले, तर गेटला कुलूप. मिल बंद झाली होती.

त्यानंतर कुपी चालती ठेवणं हा त्यांचा धर्म झाला. "गंजलेली वस्तू परत देताना तोंड कसा दाखवू?" म्हणून दर रविवारी चाळीतली दारं, शिलाई मशिनी, पाळण्यांच्या कड्या, गणपतीच्या पडद्याची कप्पी, सगळ्यांवर एकेक थेंब. लग्नानंतरही मी याच चाळीत राहिले; एकदा त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या चपलेलाही तेल दिलं. ती करकरत होती, एवढाच तिचा गुन्हा. सासरे घसरले आणि आठवडाभर दोघांचं बोलणं बंद होतं.

मिलच्या जागी काचेची उंच इमारत उभी राहिली. काका तिथेही गेले. सिक्युरिटीवाल्याने कुपी मशिनमधून सरकवली, हुंगली आणि आत तेल न्यायला मनाई आहे म्हणाला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काका, कंपनी कोणती?" काकांनी मिलचं नाव सांगितलं. तिने बिचारीने सगळी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "या नावाचं इथे कुणीच नाही..."

हे सांगताना काका हसत होते. पण त्या रविवारी ते तेल घालायला आले नाहीत. मीही बोलवायला गेले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या रविवारी मात्र कडी वाजली. "दार उघड गो, बिजागरी बघूक येतंय."

तेराव्यानंतर सुहास आला. हातात कुपी आणि माझा तो अर्ज. काकांनी तो प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतला होता. सुहास म्हणाला, "बाबा सांगून गेलेत, ही तुमच्याकडे द्यायची. मिल चालू झाली की परत करायला तुम्हीच जायचंय. अर्ज तुमच्या अक्षरात आहे, म्हणून."

मिल चालू होणार नाही, हे मला कळतं. काकांनाही कळत असणार. पण काल रविवार होता. दाराच्या बिजागरीला एक थेंब दिला, शेजारच्या पाळण्याला एक दिला. मग कुपीची चोच स्वच्छ पुसली, बूड दाबून बघितलं आणि अर्जाशेजारी नीट ठेवून दिली. दुसऱ्याची वस्तू आहे.