बंद घरातल्या फ्रीजमधली लस

आमच्या विट्यात गलाईवाल्यांच्या घरांना वर्षातले बरेच महिने कुलूप असतं. सोनं गाळायच्या धंद्यापायी सगळे परमुलखात. जत्रेला यायचं, चार दिवस घर गजबजवायचं आणि निघताना न चुकता मेन स्विच खाली ओढून जायचं. माझ्या वहिनीनं कोंबड्यांची लस अशाच एका शेजारघरच्या फ्रीजमध्ये ठेवली होती, कारण गल्लीत फ्रीज तेवढाच. जत्रा संपली, शेजारी गेले. वहिनी किल्ली घेऊन लस आणायला गेली, तर फ्रीज आतून कोमट.

शेडमध्ये तिची पहिलीवहिली पिलं होती आणि पलीकडच्या वस्तीवर कोंबड्यांत मानमोडीची साथ आली होती. तालुक्यात दुसरी लस नव्हती. नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. मी सांगलीत लशी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होते. दादानं बाटल्या बर्फात घालून एसटीनं आणून दिल्या. मागोमाग बूथवरून वहिनीचा फोन.

"आवं वन्सं, लस जिती हाय का मेली, येवढंच सांगा."

एवढंच! पीसीआरचं यंत्र नुकतंच आलं होतं आणि मी त्याच्यावर बेहद्द खूश होते. विषाणूचा कणभर अंश असला तरी त्याच्या प्रती काढून ते दाखवायचं. वहिनीच्या लशीत विषाणू असल्याची पट्टी उमटली, चांगली ठसठशीत. मी फोनकडे निघाले, तर आमचे सर म्हणाले, "गरम पाण्यात ठेवून मारलेली एक बाटलीपण लावून बघ."

लावली. तिचीही पट्टी तशीच ठसठशीत.

माझं डोकंच चालेना. यंत्राला विषाणू दिसत होता, पण जिवंत की मेलेला हे त्याला कळत नव्हतं. मग इतके दिवस मी मोजत काय होते? राग आला, पण यंत्राचा की स्वतःचा, ते ठरेना. जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला.

सरांनी तोड काढली. लस आधी उबवणीच्या अंड्यांत टोचायची, विषाणूला वाढायला वेळ द्यायचा, मग पीसीआर करायचं. जिवंत असेल तोच वाढेल. तोवर वहिनीचा रोज फोन आणि माझं रोज "अजून नाही". शेवटी पट्ट्या आल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या थेंबभर चांगल्या लशीची भरघोस, वहिनीच्या लशीची जवळपास नाहीच. लस मेली होती.

साताऱ्यात ओळखीनं नवी मिळाली. थर्मासमध्ये घालून मीच विट्याला नेली. वाटेत एसटी बंद पडली. पोहोचले तेव्हा थर्मासमध्ये बर्फ कमी, पाणीच जास्त. पिलं अजून धडधाकट होती. वहिनी एकेक पिलू धरत होती, मी डोळ्यात थेंब सोडत होते.

"वन्सं, ही तरी जिती हाय न्हवं?"

मला खरंच माहीत नव्हतं. भीतीही वाटत होती. "थोडी सांगलीला परत नेते," मी म्हणाले. "आठवड्याभरात कळेल."

तिनं हातातलं पिलू अलगद खाली सोडलं.

"तवर पिलंच सांगत्याल की."