कोऱ्या कापडाची दुपटी

भालकीत मी कन्याशाळेत मराठी शिकवत असे आणि शाळा सुटली की चर्चच्या आवारातल्या शिवणखोलीत जाऊन बसत असे. मी ख्रिस्ती नव्हते, भाविकही नव्हते. पण चर्चचे फादर मंगळूरकडचे. त्यांची मराठी कोकणीच्या अंगाने जायची आणि शिवणाऱ्या बायकांची उदगीर-औरादच्या. मधे कुणीतरी लागायचं, ते मी.

बाजारातला व्यापारी बाईची नड बघून भाव पाडतो. फादरांच्या खोलीत बाई आपल्या मेहनतीचा भाव आधी सांगणार आणि घेणारा तो देणार, असा उलटा मामला होता. परदेशातली काही चर्चं या भावाने माल घेत. मधे बंगलोरची एक संस्था होती. मला हा भाबडेपणा वाटला होता. बायकांनी शिवलेल्या गोधड्या खरंच परदेशी जायला लागल्या तशी मी बोलायची थांबले.

शिवणाऱ्यांत मूळची जवळच्याच मेहकर खेड्यातली एक विधवा होती. ती ख्रिस्ती नव्हती. सगळ्या तिला अक्का म्हणत. ऊस तोडून तोडून तिची कंबर गेलेली. खोली बंद पडली तर तिला पुन्हा फडावर जावं लागणार, आणि ते तिला झेपणारं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग मोठी मागणी आली, तान्ह्या बाळांच्या दुपट्यांची. अट एकच, कापड नवं कोरं हवं. ठाण आलं, बायकांनी तुकडे घरी नेले आणि काही आठवड्यांनी सुबक दुपटी आणून दिली. तपासायला बंगलोरच्या संस्थेतून एक बाई आल्या. त्यांनी एक दुपटं नाकाला लावलं, दुसरं उजेडात धरलं. चुलीचा वास, हळदीचे डाग. कापड वापरलेलं आहे म्हणून त्यांनी सगळा गठ्ठा बाजूला सारला. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ, हेही शांतपणे सांगितलं.

त्या गेल्यावर फादरांनी विचारलं, कापड कुणी वापरलं? सगळ्यांनीच, अक्का म्हणाली. कुणी आठवडाभर अंगाला गुंडाळलं होतं, कुणी नातवाखाली अंथरलं होतं, आणि मगच शिवायला घेतलं होतं. फादर चिडले. चिडले की ते कोकणीत बोलत आणि मला भाषांतर करावं लागत नसे. राग ओसरल्यावर त्यांनी मराठीत विचारलं, कशासाठी?

"कोरं कापड मेलेल्याला घालतेत, फादर," अक्का म्हणाली. "जल्मलेल्याला जुनंच लागतंय. आपल्या लेकराला घालत न्हाई, ते दुसऱ्याच्या लेकराला कामून घालावं?"

मी मधे पडले. ती बाळं परदेशातली, त्यांच्यात असलं काही मानत नाहीत, असं समजावलं.

"त्येंच्यात न्हाई मानत," ती म्हणाली, "पर शिवायलोत आपुन."

कोऱ्याचं शिवणार नाही, त्यापेक्षा फडावर जाते, असंही तिने सांगून टाकलं. रागात बोलली असती तर समजूत घालता आली असती. ती सुई रिळात खोचून ठेवत होती. मला तिचा संताप आला. एवढ्याशा समजुतीपायी बाई स्वतःच्याच पोटावर पाय देत होती. फादर मात्र त्या दुपट्यांच्या घड्या घालू लागले. त्यांच्या गावीही बाळाला आजोबांच्या जुन्या धोतरात घेतात, एवढंच म्हणाले.

बाजूला सारलेली दुपटी गावातल्या बाळंतिणींनी नेली. नवं ठाण आलं, तेव्हा प्रवचन संपल्यावर फादरांनी जाहीर केलं, की पुढच्या रविवारी बायकांनी डोक्यावर पदराऐवजी आपण देऊ तो कापडाचा तुकडा घ्यावा, आणि कृपा करून शनिवारी केसांना तेल लावू नये. लोक हसले. अक्काला त्यांनी आधीच विचारलं होतं, तासाभराच्या वापराने भागेल का? ती विचारात पडली. देवापुढचा तास म्हटल्यावर भागेल म्हणाली; मग धुवायचं मात्र रिठ्याने.

त्या रविवारी तीही आली आणि डोक्यावर तुकडा घेऊन दाराशी उभी राहिली. फादरांनी एक माझ्याही हातात ठेवला. एरवी मी घेतला नसता. समोर सगळी डोकी एकाच फिकट पिवळ्या रंगाची. आधी मला हसू आलं, मग मीही माझा तुकडा डोक्यावर घेतला.

माल पास झाला. कोरं कापड इतकं मऊ कसं, असं बंगलोरच्या बाईंनी विचारलं, तेव्हा फादरांनी रिठ्याचं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं.

पुढे कधीतरी परदेशातून एक फोटो आला. आमच्या दुपट्यावर एक बाळ झोपलेलं. बायकांनी तो हातोहात फिरवला, बाळाच्या गोरेपणावर बोलून झालं. अक्काने मात्र हात पुढे केला नाही.

"बरं हाय न्हवं ते लेकरू?" तिने मला विचारलं.

फोटोमागे नुसते आभार लिहिले होते. बरं आहे, मी म्हटलं.

"मग आणा इकडं," ती म्हणाली, आणि लुगड्याला हात पुसून तिने फोटो घेतला.