उदबत्तीने पाडलेलं भोक

सकाळी उदबत्तीचं टोक पंचांगाला लागलं आणि त्या जळक्या वासासरशी मी थेट अंधेरीच्या शाळेत पोचले. चाळीस वर्षांपूर्वी मी तिथे चित्रकला शिकवायचे.

आमच्या फादरना मुलांना दाखवायला पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या पोथीतल्या एका पानाची हुबेहूब नक्कल हवी होती. मी कागद चहात बुडवून जुना केला. ग्रीकमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी फोटोत बघून आठ दिवस अक्षरं उतरवली. राहिली फक्त कसरीने खाल्लेली भोकं. ती मी पेटत्या उदबत्तीने पाडत होते. फादर श्वास रोखून शेजारी उभे होते.

शेवटच्या भोकाची कड विझेना. लाल रेघ अक्षरं खात सरकू लागली.

“फादर, वाट लागली!”

त्यांनी ती कड सरळ चिमटीत दाबली. आग विझली, पण तोवर अर्धी ओळ गेली होती.

“मी दुसरं करते,” मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

“नको, बाई,” बोटांवर फुंकर घालत ते म्हणाले. “मूळ पानसुद्धा कुणीतरी असंच वाचवलं असेल.”

तेव्हा वाटलं, उगीच समजूत काढतायत. प्रदर्शनात मी त्या पानाकडे शरमेने फिरकलेसुद्धा नाही.

आज त्यातलं एक अक्षर आठवत नाही. त्यांच्या बोटांवरचे दोन फोड मात्र आठवतात.