आखाजीला बंद

मांडे करताना माझी जाऊ बोलत नाही आणि मी गप्प बसत नाही, या दोन गोष्टींवर आमचा धंदा उभा आहे. धुळ्याच्या प्रदर्शनात ती पुरण भरलेला गोळा हातांवर घेते, कोपरापर्यंत फिरवत फिरवत लांबवते, लहान मुलाला पांघरता येईल एवढा करते आणि उपड्या खापरावर अलगद टाकते. मी शेजारी उभी राहून, सर्कशीतल्या बाईसारखी, "आता फाटला, आता फाटला" करत गर्दीचा श्वास अडकवते. फाटत नाही. एकदा गर्दी पातळ होती म्हणून मी तिच्या कानात म्हटलं, "अक्का, एखादा फाड ना. लोक जमतील." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बराच वेळ खरोखर गप्प होते. तेवढ्या वेळात काहीच खपलं नाही, हे मी तिला नंतर ऐकवलंच.

जळगावात आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. हात अक्काचे, फोन माझा. गिऱ्हाइकाला गोड बोलणं, झुलवणं, वाट बघायला लावणं ही खाती माझी. पण कोणती ऑर्डर घ्यायची आणि कोणती सोडायची, हे ती ठरवते. मी फार तर नाक मुरडते.

आता यात आखाजी आली. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. त्या दिवशी खानदेशात घरोघरी आमरसाबरोबर मांडे हवे असतात, आणि नेमक्या त्याच दिवशी मांडे करणाऱ्या लेकीबाळी माहेरी जाऊन झोक्यावर बसलेल्या असतात. बाप्ये दिवसाढवळ्या पत्ते कुटतात, त्यांना कुणी हटकत नाही. म्हणजे खाणारे सगळे घरी आणि करणारं कुणी नाही. उद्योजक महिलांच्या शिबिरात बाईंनी सांगितलं होतं, आपला सीझन ओळखा. अक्काने तो तिथे बसल्या बसल्याच ओळखला. परतताना एसटीत म्हणाली, "औंदा आखाजीला चूल बंद ठेवायची नाही."

"आणि माहेर?"

"माहेर कुठं पळून जातंय?"

तिचं माहेर अमळनेरजवळच्या खेड्यात. आईवडील गेलेले, एक धाकटा भाऊ. दर आखाजीच्या आदल्या दिवशी तो मुऱ्हाळी, म्हणजे बहिणीला न्यायला येणारा माणूस, म्हणून आमच्या दारात उभा राहायचा. त्या वर्षीही आला. शेडमध्ये धूर, पीठ, परातीत पुरणाचा डोंगर. तो दारातच थांबला.

"ताई, चाल. झोका बांधेल शे."

"औंदा जमनार नही रे. पुढला साल येसू."

"पोऱ्हे वाट देखी ऱ्हायनात."

"त्यास्ले मांडा ली जाय."

तो खोक्यात मांडे घेऊन गेला. मी मागून म्हटलं, "भाऊ, बहीण न्यायला आलात आणि मांडे घेऊन चाललात, सौदा वाईट नाही." तो हसला. छान हसला, खरंच.

पुढच्या साली तो पुन्हा आला. या वेळी बसलासुद्धा नाही. चहा उभ्यानेच घेतला, खोकं आपणहून उचललं. अक्काचे हात पिठात होते, त्यामुळे तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा तो मनगटाने फिरवला. त्याच्या सदऱ्यावर पिठाचा पट्टा उठला. तो झटकलाही नाही त्याने.

धंदा मात्र वाढला. आखाजीला मांडे म्हणजे आमच्याकडचेच, असं लोक म्हणू लागले. पण तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला अक्का कणीक तिंबता तिंबता थांबली आणि म्हणाली, "या आखाजीला बंद. मी जाणार."

मी नाक मुरडलं नाही. उलट मला असा हुरूप आला की विचारू नका. नकार देण्यातली श्रीमंती मी प्रथमच चाखत होते. मोबाइलवर स्टेटस ठेवलं, फाटकाला पाटी लावली, आणि आलेला प्रत्येक फोन रंगवून रंगवून परतवला. चोपड्याच्या एका बाईंना तर मी सांगितलं, "आमच्या मालकीणबाई झोका घ्यायला जाणार आहेत, तो कार्यक्रम पुढे ढकलता येत नाही."

आदल्या दिवशी सकाळीच अक्काची पिशवी भरून तयार होती. भावजयीला लुगडं, पोरांना कपडे. न्हाऊन, केस विंचरून ती ओट्यावर बसली. अमळनेरची पहिली गाडी येऊन गेली. दुसरीही गेली. दुपार कलली तेव्हा मी विचारलं, "अक्का, भाऊंना सांगितलंस ना, यंदा बंद आहे म्हणून?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मला न्यायला ये, असं बहीण सांगते का कधी? तो येतोच."

गावभरच्या गिऱ्हाइकांना आम्ही कळवलं होतं. ज्याच्यासाठी बंद ठेवलं, त्या एकालाच नाही.

मी तिच्या हातात फोन दिला, तर नको म्हणाली. मग मीच लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे पोरांचा गलका, गाडीचा हॉर्न.

"ताई, तुना तर सीझन शे. म्हनीसन तुले तरास नही दिधा. आम्ही बठ्ठा हिना माहेरले जाई ऱ्हायनूत. गाडीमाच शेत." बायकोच्या माहेरी निघाला होता, घराला कुलूप लावून. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. "काम चालू शे ना?"

"चालू शे रे," अक्का म्हणाली. "चूल पेटेल शे. जा तुम्ही, नीट जा."

चूल थंडगार होती. शेडला कडी होती.

मला राहवलं नाही. माझं माहेर दोन गल्ल्या पलीकडे. दुसऱ्या दिवशी, ऐन आखाजीला, मी तिला ओढूनच तिथे नेलं. आईने तिला कुंकू लावलं, ओटी भरली, पाट मांडून जेवायला बसवलं, "तूही माझी लेकच" म्हणाली. माझ्या भाच्यांनी ओसरीच्या आढ्याला झोका बांधला होता. त्यांनी आग्रह केला तेव्हा अक्का दोन झोके बसली, पाय जमिनीला टेकवूनच.

परतताना गल्लीत कुठे कुठे बायका गाणी म्हणत होत्या. मी दोन-तीन विनोद केले, ते पडले. घराच्या फाटकाशी ती म्हणाली, "तुझी आई फार चांगली आहे गं."

"मग?"

"तिने मला पाट मांडला." ती ओटीची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिली. "माहेरी पाट मांडत नाहीत. तिथं जाऊन आडवं पडतात."

मी तिच्या हातातून पिशवी घेतली.

फाटकावरची पाटी तिने काढली, पुठ्ठ्याची नीट घडी होईना, म्हणून तशीच अर्धवट दुमडून काखेत धरली. मग मागे शेडकडे गेली. दुसऱ्या दिवशीची डाळ निवडायला बसली तेव्हा तिने वर न बघता सांगितलं, "पुढच्या आखाजीच्या ऑर्डरी घेत जा. सगळ्या."