वहिनींनी प्रिंटर पारखला

…तर तिसरी लाथ बसली आणि दाराची कडी उखडली, इथवर आपण काल आलो होतो. आत आमच्या वहिनी, घरी बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या. त्यांच्यामागे शेजारची सून, ओठ फुटलेला. दारात तिचा नवरा, हातात लोखंडी गज. त्याच्यापासून संरक्षण मागणारा तिचा अर्ज पाचच्या आत कोर्टात पोचायचा होता.

त्याला कळलं कसं? माझ्यामुळे! वहिनींचा लॅपटॉप जुना, त्यांनी स्वतः विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घालून जिवंत केलेला. आणि मी शहाण्यानं खोक्यावरचं चित्र बघून प्रिंटर आणला. त्याला कंपनीचं सॉफ्टवेअर लागे, ते लिनक्ससाठी बनवलेलंच नाही. सहा महिने धूळ खात पडला. मग सुनेचा अर्ज छापायला द्यावा लागला गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात. आणि दुकानदार कोण, तर ह्या नवऱ्याचाच सख्खा भाऊ!

नवऱ्यानं कागद टराटरा फाडले. गज वहिनींच्या कपाळाला चाटून गेला, भुवईवरून रक्त घळघळलं. वहिनींनी हाताला लागलं ते उचललं, माझा प्रिंटर! डोक्यावर नेला नि त्याच्या मनगटावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मला जिन्यात ऐकू आला. गज पडला. दुसरा घाव गुडघ्यावर, मग तोही पडला. शेजाऱ्यांनी त्याला पाइपला बांधून पोलिसांना बोलावलं.

"भाऊजी, तुमचा प्रिंटर आज पहिल्यांदा कामाला आला. चला, नवा घ्यायचाय."

साडेतीनला आम्ही तिघं प्रिंटरच्या दुकानात. वहिनींच्या कपाळाला टॉवेल, काखेत लॅपटॉप. दुकानदार पांढराफटक.

"ताई, दवाखाना पलीकडे आहे."

"लिनक्सवर चालणारा प्रिंटर दाखवा."

"सगळेच चालतात हो."

"आमचे भाऊजीही असंच म्हणाले होते. मी नुसती वायर जोडणार. छापलं तर घेणार."

पहिला मुकाच. दुसऱ्यानं पानभर भलतीच चिन्हं ओकली. तिसरा जरा गुरगुरला आणि अख्खा अर्ज बाहेर, अक्षर न् अक्षर स्वच्छ! सुनेनं काउंटरवरच सही केली. पावणेपाचला कोर्टाचा शिक्का बसला, हे आत्ताच सांगून टाकतो.

दुकानदार खुलला. "दोन वर्षांची वॉरंटी आहे, ताई. आणखी काही विचारायचंय?"

वहिनी म्हणाल्या, "वजन किती? एका हातानं उचलता यायला हवा. दुसऱ्या हातात अर्ज असणार."